करंट मशीनमध्ये नव्हता

माझ्या अर्थिंगवर कोणी बोट ठेवलेलं मला खपत नाही. तीस वर्षं वायरिंगचं काम करतोय. माझ्या हातची लाइन जळाली किंवा तिने कुणाला झटका दिला, असं एकदाही झालेलं नाही. त्यामुळे त्या गणवेशाच्या कारखान्यातून फोन आला, की कटिंग मशीनला करंट येतोय आणि मास्तरांना झटके बसतायत, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती लाइन मी स्वतः टाकली होती. आणि मास्तर म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण.

शिलाईच्या धंद्यात कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, मग तो बाप्या असो की बाई. ताई बत्तीस वर्षं मास्तर होती. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ती एकोणीस. त्या वयात तिने शिलाई मशीनवर बसून मला वाढवलं, शिकवलं, माझ्या हातात पक्कड दिली आणि मग स्वतः शिलाईवरून कटिंगच्या टेबलावर चढली. तिने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "मला एक पोरगं झालंय आधीच, तेच आवरत नाही." ते पोरगं आज बावन्न वर्षांचं आहे आणि अजूनही तिच्यासमोर आवाज चढवायला कचरतं.

टेबलावर कापडाचे चाळीस थर एकावर एक लावून गठ्ठा करतात. सगळ्यांत वर आकार आखलेला कागद. मग उभ्या पात्याचं मशीन उजव्या हाताने रेघेवरून ढकलत न्यायचं. डाव्या हातात बारीक लोखंडी जाळीचा मोजा असतो, आणि तो हात पात्याच्या अगदी शेजारून कापडावर सपाट दाबत पुढे सरकतो. डावा हात उचलला गेला की थर घसरतात आणि तळचे शर्ट वाकडे निघतात. ताई म्हणायची, "उजवा हात महिन्यात कोणीही शिकतं. डाव्याला दहा वर्षं लागतात." गर्विष्ठच होती ती त्या हाताबद्दल, आणि तो गर्व तिला शोभायचाही.

मी गेलो तेव्हा कारखान्यात नुसता गोंधळ होता. शिलाईच्या बायका टेबलापासून दहा पावलं लांब उभ्या. ताईच्या पायाखाली रबराची चटई, चटईखाली लाकडी फळी, आणि कोणीतरी तिला पावसाळी बूट घालायला लावलेले. मालक हातात झाडू घेऊन उभे होते. करंट लागला तर झाडूच्या दांड्याने मास्तरांना बाजूला ढकलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं म्हणे.

मी टेस्टर लावला, मीटर लावलं. मशीन कोरडं ठणठणीत होतं, करंटचा पत्ता नव्हता. तरी सगळ्यांचं समाधान व्हावं म्हणून वायर बदलली आणि आलो. दोन दिवसांनी परत फोन. यावेळी मालकांनी लाजलज्जा सोडली आणि सरळ म्हणाले, "तुमचं अर्थिंगच कच्चं आहे."

मी तडक तिथे गेलो. भिंतीतून प्लग उपटला आणि सगळ्यांना दिसेल असा टेबलाच्या मधोमध ठेवला.

"ताई, आता ठेव हात."

"राहू दे ना," ती म्हणाली.

"एकदाच ठेव."

तिने मोजा घातलेला डावा हात कापडावर ठेवला. क्षणभर राहिला. मग तो हात मनगटातून वळला, वर उडाला, खांद्यापासून फेकल्यासारखा बाजूला गेला आणि खडूचा डबा खाली पडला. तिने उजव्या हाताने तो हात पकडून खाली आणला. तो पुन्हा उडाला. पाठोपाठ तिचा डावा पायही चटईवर आपटायला लागला.

मग मागून एक शिलाईवाली म्हणाली, "मशीनमध्ये थोडा उरला असेल करंट."

एरवी मी तिच्यावर खेकसलो असतो. पण माझं लक्ष ताईच्या तोंडाकडे होतं. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. मशीनला करंट नाही, हे तिला माझ्या आधीपासून ठाऊक होतं. आठ दिवस तिचा हात घरीसुद्धा उडत होता; जेवताना ती त्या हातावर बसायची आणि एका हातानेच जेवायची. माझ्या बायकोला सांगितलं होतं, की हात आखडलाय. हे सगळं करंटमुळे असलं तर किती बरं होईल, म्हणून तिने माझं अर्थिंग पणाला लावलं होतं. मला तिचा राग आला, पण तो उडता हात धरून मी तिला तसाच दवाखान्यात घेऊन गेलो.

तिथे सिस्टरने बोटाला सुई टोचली आणि छोट्या मीटरवरचा आकडा पाहून ती पुन्हा टोचायला लागली. तिला वाटलं, मीटर बिघडलंय. पण दुसऱ्यांदाही तेच आलं. पाचशे ऐंशी.

"डायबेटिस आहे का यांना?" सिस्टरने विचारलं.

"आहे, पण गोळ्या चालू आहेत," मी म्हणालो.

ताई छताकडे बघत होती.

मग मेंदूचा स्कॅन झाला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी तो उजेडात धरून एक पांढरा डाग दाखवला. मेंदूच्या आत उजव्या बाजूला, वाटाण्याहून मोठा. त्यांनी सांगितलं, की आत रक्तस्राव झालाय, म्हणून डावं अंग असं उडतंय. साखरेवर इंजेक्शनं देऊ, पण हाताचं काही सांगता येत नाही. "वय झालंय यांचं. कामबिम आता विसरा, घरी जपा."

ताईने एवढंच विचारलं, "मोजा घालता येईल?" डॉक्टरांना वाटलं तिला थंडी वाजतेय, त्यांनी पांघरूण मागवलं.

दुसऱ्या दिवशी मालक फळांची टोपली घेऊन आले. साखर पाचशेवर असलेल्या बाईला द्राक्षं आणि चिकू! मी ती टोपली तिच्या नजरेआड नेऊन स्वतःच संपवली. मालक माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर मोठी ऑर्डर होती. एका इस्पितळाच्या सगळ्या कर्मचाऱ्यांचे गणवेश, कापड पाच आठवड्यांनी येणार होतं. त्याने दुसऱ्या कारखान्यातल्या एका मास्तरशी बोलणंही करून ठेवलं होतं.

"पाच आठवडे," ताई म्हणाली. तिचा हात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटत होता आणि ती अशी बोलत होती, जणू तो शेजाऱ्याचा हात आहे. "पाच आठवडे टेबलावर कोणाला उभं करू नका."

मालकांनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मास्तर, एक करू. पाच आठवड्यांनी तुम्ही एक पूर्ण गठ्ठा कापून दाखवा. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत तळचा तुकडा जुळवून बघू. जुळला तर टेबल तुमचं. नाही जुळला तर... मानाने निरोप देऊ."

"निरोपाला भाषण कोण करणार? तुम्ही?" ताईने विचारलं. "मग मी जुळवतेच."

मालक गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून रडली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मला रिकामं बसता येत नाही. आणि बिघाड सापडत नसला की आम्ही वायरमन एकच करतो, रीडिंग घेत बसतो. मी बायकोकडून एक वही मागवली. सकाळ, दुपार, संध्याकाळ घड्याळ लावून एका मिनिटात हात किती वेळा उडतो ते मोजायचं आणि शेजारी सिस्टरचा साखरेचा आकडा लिहायचा. पहिल्या दिवशी मिनिटाला एकेचाळीस. दुपारी ताईचा डोळा लागला तेव्हा मोजलं, तर शून्य. झोपेत तो हात लहान बाळाच्या हातासारखा गप्प पडून होता. मी कितीतरी वेळ बघत बसलो.

तिसऱ्या दिवशी साखर तीनशे, हात बत्तीस. पाचव्या दिवशी साखर दोनशे दहा, हात तेवीस. मला औषधातलं ओ की ठो कळत नाही. पण दोन काटे एकत्र खाली येत असतील, तर ते एकाच वायरवर असणार, एवढं मला शेंबड्या पोरालाही समजावून सांगता येतं.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी वही बघितली नाही. "नातेवाइकांनी यात पडू नये," म्हणाले. मी तसाच वरच्या मजल्यावर नसांच्या डॉक्टरबाईंच्या दाराशी जाऊन बसलो. शिपायाने दोनदा उठवलं, मी दोनदा परत बसलो. शेवटी बाईच बाहेर आल्या. वयाने माझ्या ताईएवढ्या, चष्मा कपाळावर.

"कोण तुम्ही?"

"वायरमन," मी म्हणालो आणि वही पुढे केली.

त्यांनी उभ्या उभ्याच पहिलं पान वाचलं, मग चष्मा डोळ्यांवर आणला आणि दुसरं. मग तशाच जिने उतरून खाली आल्या. ताईला तपासलं, स्कॅन पुन्हा लावला आणि तो पांढरा डाग जवळून पाहिला.

"हे रक्त नाही," त्या म्हणाल्या. "साखर फार दिवस फार वर राहिली, की मेंदूचा हा भाग असा दिसतो आणि अंगाची एक बाजू अशी उडायला लागते. क्वचित होतं. मी आजवर दोघं बघितलेत, या तिसऱ्या. दिसतं रक्तस्रावासारखं, म्हणून फसायला होतं."

"जाईल?" ताईने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"बहुतेकांचं जातं. काही आठवडे लागतील. मी एक गोळी देते हात शांत व्हायला, पण खरं औषध साखर ताब्यात ठेवणं हेच. ती परत चढली, तर हातही परत उडेल." मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "गोळ्या चालू होत्या म्हणालात. मग पाचशे ऐंशी कशी?"

उत्तर माझ्या खिशात होतं. सकाळीच बायको जुने कागद शोधत होती, तेव्हा दोऱ्याच्या रिळांच्या खोक्यात तिला गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या होत्या. एकही गोळी फोडलेली नाही. दोन वर्षांच्या. मी त्या पलंगावर ठेवल्या आणि पहिल्यांदाच ताईसमोर माझा आवाज चढला.

"का? एवढं कळत नाही तुला? जगाला शहाणपण शिकवतेस आणि—"

"हात थरथरला होता," ती म्हणाली.

"काय?"

"दोन वर्षांपूर्वी. ऑर्डरची घाई होती, जेवायला उशीर झाला. मशीन चालू, निम्मा गठ्ठा कापून झालेला, आणि एकदम घाम सुटला, हात थरथरायला लागला. पातं बोटाच्या एवढं जवळ आलं." तिने उजव्या हाताने दाखवलं, नखाएवढं अंतर. "गोळीने साखर उतरली होती. त्या दिवशी मी कानाला खडा लावला. गोळी घेतली नाही, की हात स्थिर राहायचा. रोज तपासून बघायचे मी, मोजा काढून, खिडकीत धरून. दोन वर्षं दगडासारखा स्थिर होता."

मी त्या पट्ट्या उचलून परत खिशात घातल्या. जो हात वाचवायला तिने गोळ्या सोडल्या, तोच हात त्यामुळे गेला होता. आणि तिने हे कोणाला सांगितलं नाही, कारण आम्ही कोणी कधी विचारलंच नव्हतं. मी तर नाहीच. माझ्यासाठी ताई म्हणजे सगळं निस्तरणारं माणूस. तिला काही होऊ शकतं, हा विचारच मी कधी मनात येऊ दिला नव्हता. मला माझी लाज वाटली.

डॉक्टरबाई मात्र रागावल्या नाहीत. त्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही कामाची वेळ सांगा. मशीन कधी चालू होतं, जेवता कधी, हे सगळं. त्याप्रमाणे औषध लावू, म्हणजे पात्यासमोर साखर उतरणार नाही. कापायला उभं राहण्याआधी बोट टोचून बघायचं. कमी असली, तर खाऊन थांबायचं आणि पुन्हा बघायचं. हे दोन वर्षांपूर्वीच कोणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं."

ताईने त्यांना मशीनची वेळ सांगितली, थर किती, एक गठ्ठा कापायला किती मिनिटं, सगळं. डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून घेतलं. दोन कारागीर एकमेकींशी बोलत होत्या, आणि मी बाजूला स्टुलावर बसून नाक पुसत होतो.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. आमच्या घरात साखरेचा डबा लपला, बिस्किटं गेली आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांचीच डोकी तापलेली. बिनसाखरेच्या चहाला ताई "भांडी धुतलेलं पाणी" म्हणायची आणि पूर्ण कप प्यायची. चाळीस थरांतून पातं चालवणारी ही बाई एवढ्याशा सुईला घाबरायची. इन्सुलिनचं इंजेक्शन घेताना डोळे घट्ट मिटून माझ्या बायकोला विचारायची, "झालं का? झालं का?" बायको म्हणायची, "कधीच झालंय, ताई. आता माझा दंड सोडा."

वही चालूच होती. हात मिनिटाला अठरा. मग बारा. एका आठवड्यात तो नऊवरच अडून बसला, हलेचना, आणि तेव्हा ताईने मोजा पिशवीत कोंबून ठेवला. मग सात झाला. मग तीन. मग नुसती बोटं वळवळायची, पेटी वाजवल्यासारखी. एका दुपारी ती खिडकीपाशी मोजा घालून बसली होती. टेबलावर जुन्या चादरींचे थर, त्यावर डावा हात सपाट. मी घड्याळ लावलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. पाच मिनिटं गेली आणि मी काहीच लिहिलं नाही, कारण लिहायला काही नव्हतंच.

"किती?" तिने विचारलं.

मी वहीतली कोरी ओळ तिच्यापुढे धरली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसली. किती दिवसांनी हसली!

पाच आठवडे झाले त्या सोमवारी सकाळी आम्ही कारखान्यात गेलो. टेबलावर निळ्या कापडाचे चाळीस थर लावून ठेवलेले. शिलाईची सगळी मशीनं बंद, सगळ्या बायका भिंतीला टेकून उभ्या. तो दुसरा मास्तरही आला होता, हाताची घडी घालून. मालक रुमालाने मान पुसत होते.

ताईने पिशवीतून साखरेचं मीटर काढलं. ज्या बाईने दोन वर्षं ताकास तूर लागू दिली नव्हती, तिने सगळ्यांसमोर टेबलाशी उभं राहून बोट टोचलं आणि आकडा मोठ्याने वाचला. "एकशे अठ्ठावीस. ऐकलंत सगळ्यांनी? रोज वाचून दाखवणार आहे. नव्वदच्या खाली असला तर मशीन चालू होणार नाही, मालक, मग ऑर्डर राजाची असली तरी."

"हो, मास्तर," मालक म्हणाले.

तिने मोजा चढवला. मी भिंतीपाशी गेलो आणि मेन स्विचवर हात ठेवून उभा राहिलो. हात नुसता हलला तरी लाइन तोडायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. ताई मशीनला हात लावणार, एवढ्यात थांबली.

"काय करतोयस तिथे?"

"काही नाही. असाच."

"हात काढ."

"ताई, काही झालं तर..."

"काही झालं तर मी थांबवीन. माझा हात आहे." ती रागावली नव्हती. अगदी शांतपणे म्हणाली, "मला बंद करणारं कोणी नकोय. काढ."

मी हात काढला. आयुष्यात इतकं जड काम मी केलेलं नाही.

मशीन सुरू झालं. पातं कापडात शिरलं आणि रेघेवरून निघालं. पहिली बाही, सरळ. मग खांद्याचा उतार. मग गळ्याची गोलाई, जिथे भलेभले चुकतात. तिचा डावा हात पात्याच्या शेजारून सरकत होता, सपाट, निवांत, जसा बत्तीस वर्षं सरकत आला होता. शेवटचा कोपरा वळला आणि तिने मशीन बंद केलं.

मालकांनी स्वतः वरचा तुकडा उचलला. गठ्ठा उलटा करून तळचा काढला. दोन्ही एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि खिडकीच्या उजेडात धरले. सुताइतकाही फरक नव्हता. त्यांनी ते दोन्ही तुकडे त्या दुसऱ्या मास्तरच्या हातात दिले. त्यानेही कडेवरून अंगठा फिरवला, मान हलवली आणि म्हणाला, "एवढी गोलाई मला नाही जमत, बाई."

मग जो गलका झाला! बायका टाळ्या वाजवत होत्या, एकमेकींना मिठ्या मारत होत्या, मालक त्यांना मशीनवर बसायला सांगत होते आणि स्वतःच हसत होते. मी सगळ्यांदेखत रडलो आणि मला त्याची काही लाज वाटली नाही. नवव्या वर्षापासून ज्या हाताने मला वाढवलं, तो हात परत आला होता आणि तो तिने स्वतः आणला होता.

ताईने मात्र मोजा काढलाच नाही. टेबलावरचे कापलेले गठ्ठे बाजूला सारले, रिकाम्या टेबलावर डावा तळवा एकदा फिरवला आणि थर लावणाऱ्या बाईकडे बघून म्हणाली, "टाळ्या झाल्या असतील तर पुढचे थर लावा. जेवायच्या आधी आणखी एक गठ्ठा होईल."